‘हो जी’ची वैरीण

रामटेके सिस्टरसमोर कोणी ‘हो जी’ म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. शिवी दिलेली चालायची. शिवीला त्या तशीच खणखणीत शिवी परत देत आणि विषय तिथंच मिटायचा. पण ‘हो जी’ला माफी नव्हती. एकदा बाजारात त्यांनी भाजीवालीला विचारलं, “वांगे ताजे आहेत का?” ती बिचारी म्हणाली, “हो जी.” झालं. “हो काहून म्हणते वं? मी किडके आहेत का इचारलं असतं तरी तू हेच म्हटलं असतं,” असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथं विचारलंच, “किडके आहेत का?” आणि भाजीवालीनं घाबरून खरोखरच “हो जी” म्हटलं. सिस्टरनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खटला जिंकला. मी पिशवी घेऊन मान खाली घालून उभी. वांगी मिळाली नाहीत ती नाहीतच.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात त्या पुरुषांच्या मेडिकल वॉर्डच्या इंचार्ज होत्या आणि मी त्यांच्या हाताखालची स्टाफ नर्स. क्वार्टरही शेजारी शेजारी, मध्ये एक भिंत. म्हणजे ड्युटी संपली तरी सुटका नाही. बुटकी, काळीसावळी मूर्ती, चालणं तुरुतुरु, आणि आवाज असा की ऑपरेशनच्या टेबलावरचा माणूस भूल उतरून उठून बसावा. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. पण रामटेके सिस्टरपुढे माझा राग म्हणजे पोरखेळ.

‘हो जी’शिवाय त्यांचं दुसरं वेड म्हणजे “पाह्यलं का तू?” कोणी म्हटलं, अमुक केल्यानं तमुक बरं होतं, की हा प्रश्न आलाच. “पाह्यलं का तू, सोताच्या डोयानं?” तेव्हा आमच्याकडे खाटेवर पडून पडून झालेल्या जखमांना अंड्याचा पांढरा बलक लावायची रीत होती. पांढरा पेशंटला, पिवळा वॉर्डबॉयला. त्या पिवळ्याचं आम्लेट मागच्या खोलीत व्हायचं आणि त्या वासावर अख्खा वॉर्ड जगायचा. सिस्टरनी एका म्हाताऱ्याच्या दोन जखमांपैकी एकीला अंडं लावलं, दुसरी नुसती स्वच्छ ठेवली, आणि म्हाताऱ्याची कूस मात्र वेळच्या वेळी स्वतः उभं राहून बदलून घेतली. दोन्ही सारख्याच भरल्या. दुसऱ्या दिवसापासून अंडी बंद. वॉर्डबॉय त्यांच्याशी बरेच दिवस बोलत नव्हता.

त्यांचं सगळंच बरोबर निघायचं असं नाही. उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवला की लू लागत नाही, असं माझी सासू म्हणाली. “पाह्यलं का तुम्ही?” असं सासूलाच विचारून सिस्टर मे महिन्याच्या उन्हात एक दिवस कांदा घेऊन ड्युटीवर गेल्या आणि एक दिवस बिनकांद्याच्या. नेमकी बिनकांद्याच्या दिवशी लू लागली. मी म्हटलं, असं एका दिवसावरून काही ठरत नसतं. त्या डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पडल्या पडल्या ओरडल्या, “तू नको शिकवू. मी पाह्यलं.” पुढं जन्मभर त्यांच्या पर्समध्ये कांदा असायचा आणि औषधाच्या ट्रॉलीला त्याचा वास यायचा.

पण ‘हो जी’चं प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमच्याकडच्या खेड्यातला माणूस पांढरे कपडे पाहिले की नमतो. दुखतं का? हो जी. दुखत नाही ना? हो जी. आम्ही नर्सा सुई घेऊन खाटेशी उभ्या राहायचो आणि विचारायचो, “तुम्ही तुळशीराम ना?” तो म्हणायचा, हो जी. की टोचली सुई. सिस्टरचं म्हणणं, या ‘ना’मध्येच सगळा घोटाळा आहे. नाव आपण घ्यायचंच नाही, त्याच्या तोंडून काढायचं. “नाव काय तुमचं?” आणि मग गप्प उभं राहायचं.

मेट्रनबाईंना हे पटवायला त्यांनी भर वॉर्डात प्रयोग केला. उमरेडच्या कोळशाच्या खाणीतला एक मिशीवाला गडी होता, मिशी अशी की दोन्ही टोकांना धोतरं वाळत घालावीत. सिस्टर त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, “तुम्ही शांताबाई ना?”

“हो जी,” गडी म्हणाला.

वॉर्ड हसून लोळायचा बाकी. गडीही हसला. म्हणाला, “आता बाईच म्हणून राहिल्या, तर असन.” सिस्टर मात्र हसल्या नाहीत. मेट्रनबाईही हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “आमचा जन्म गेला यात. रोज नाव विचारलं तर पेशंटला वाटेल, नर्सला काही ठाऊकच नाही.” आणि निघून गेल्या. मला अजून त्या वाक्याचा संताप येतो. आपल्याला ठाऊक नाही हे पेशंटला कळू नये, म्हणून त्याला चुकीची सुई टोचायची.

तेव्हा सिस्टर ड्युटीवर असल्या की त्यांची रीत, नसल्या की जुनी रीत, असं चालू राहिलं.

मग तो उन्हाळा आला. वॉर्डात पंखे कमी. पंख्याखालची खाट म्हणजे सिंहासन, आणि पेशंट आपसांत खाटा बदलायचे. तुळशीरामला मधुमेह होता. त्याची खाट पंख्याखाली. त्यानं भल्या मनानं ती सुखदेव नावाच्या तापाच्या पेशंटला दिली आणि स्वतः खिडकीशी जाऊन पडला. सिस्टरची त्या दिवशी सुट्टी होती. कुसुम नावाची नवीनच लागलेली मुलगी सकाळी इन्शुलिनची सुई घेऊन पंख्याखालच्या खाटेशी आली. “तुम्ही तुळशीराम ना?”

सुखदेव म्हणाला, “हो जी.”

थोड्या वेळानं तो घामानं थबथबला, थरथरायला लागला आणि बेशुद्ध पडला. खिडकीशी तुळशीराम दिसला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टरांना ओढत आणलं, शिरेतून साखर दिली, सुखदेवनं डोळे उघडले. डॉक्टरांनी विचारलं, बरं वाटतं का? तो म्हणाला, “हो जी.” मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. नंतर मी त्याला विचारलं, बाबा रे, दुसऱ्याच्या नावाला हो काहून म्हटलं? तो शरमून म्हणाला, “नाही म्हटलं तर बाईले बुरं वाटन, म्हणून म्हटलं जी.”

चौकशी आमच्या दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली. साहेब, मेट्रनबाई, रामटेके सिस्टर, साक्षीला मी, आणि कोपऱ्यात रडणारी कुसुम. सुई कोणी टोचली? कुसुमनं. मग कुसुमला घरी पाठवा. इतकं सोपं. त्या पोरीच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नव्हतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सिस्टर उभ्या राहिल्या. “काढा साहेब हिले. उद्या दुसरी येईन. तिलेही पेशंट हो जीच म्हणन. मंग तिले काढा. असे किती पोरी काढसान?”

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “अहो सिस्टर, ही अडाणी माणसं. शिकलेला माणूस कधी दुसऱ्याच्या नावाला हो म्हणेल का?”

इथं सिस्टरनी गप्प बसायला हवं होतं. मी मागून त्यांच्या साडीचा पदर ओढला. पण ती बाई गप्प बसेल तर शपथ.

“साहेब, मांगं मुंबईचे मोठे साहेब तपासणीले आले होते ना,” त्या म्हणाल्या. “ते तुम्हाले कुळकर्णी, कुळकर्णी म्हणून राहिले होते. तुमच्या आंधीच्या कुळकर्णी साहेबांची बदली होऊन जमाना झाला. तुम्ही काय म्हणत होते, साहेब?”

मेट्रनबाई टेबलावरचा पेपरवेट पाहू लागल्या. साहेब त्या दिवशी ‘हो जी’ म्हणत होते, हे सगळ्या दवाखान्यानं ऐकलं होतं. साहेबांचे कान लाल झाले. मला हसूही आवरेना आणि या बाईचा गळा दाबावा असंही वाटलं.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “मग चूक कोणाची धरायची?”

“वॉर्ड माहा, चूक माह्या वॉर्डाची. पोरीले हात लावू नका. मले द्या काय द्यायची ते शिक्षा.”

साहेबांना हेच हवं होतं. कुसुमला ताकीद देऊन सोडलं. रामटेके सिस्टरना वॉर्डातून काढून कापडखोलीत टाकलं. दिवसभर चादरी, अभ्रे, फाटके टॉवेल. वर लेखी हुकूम, की ड्युटीत कोणत्याही वॉर्डात पाय ठेवायचा नाही. जिच्या आयुष्यात पेशंटांशिवाय काही नव्हतं, तिला गाद्यांच्या खोळी मोजायला बसवलं. ही शिक्षा ज्यानं शोधून काढली त्याला माणसाची नस बरोबर सापडली होती, एवढं मात्र म्हणावं लागेल.

आमच्या वॉर्डात मी त्यांची रीत मोडू दिली नाही. कुसुम तर “नाव काय तुमचं?” असं दरडावून विचारायची की पेशंट बापाचं, आजाचं, गावाचं सगळं सांगून टाकायचा. बाकीच्या वॉर्डांत मात्र तसंच चाललं होतं. तुम्ही अमके ना? हो जी. मी भांडून भांडून थकले.

सिस्टरवरही मी चिडलेच होते. कापडखोलीत जाऊन म्हटलं, “माफी मागून मोकळ्या व्हा. तुमचं काय जाते?”

त्या चादरीची घडी घालत म्हणाल्या, “काहून? मी काही खोटं बोलली का? आन् चादरी बऱ्या वं सिंधू. भांडत नाहीत, हो जी म्हणत नाहीत.” आणि धोब्यावर ओरडायला निघून गेल्या. मला वाटलं, या बाईला कुठंही टाका, ही आपली भांडण्यात सुखी आहे. मला ते पटलंही.

पुढं एका संध्याकाळी पेशंटांना भेटायच्या वेळेला गेटवरच्या रखवालदारानं मला हळूच बाजूला बोलावलं. देवाजी त्याचं नाव, माणूस साधा.

“सिस्टर, एक गोष्ट इचारू का? रामटेके बाईले भाऊ किती हायेत जी?”

“काहून?”

“रोज येतात ना. ड्युटी संपली की साधी साडी नेसून, डबा घेऊन, नातेवाइकांच्या लाइनीत उभ्या राहतात. मी नियमानं इचारतो, पेशंट कोण लागतो? त्या म्हणतात, भाऊ. मांगच्या हप्त्यात भाऊ गडचिरोलीचा होता. मंग एक छत्तीसगडी आला, तोही भाऊ. आज एक दाढीवाले चाचा हायेत, ते बी भाऊच म्हणून राहिल्या.”

मी वरच्या दुसऱ्या वॉर्डाकडे गेले आणि दारातूनच पाहिलं. ज्याला भेटायला कोणी येत नाही अशा एका दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या खाटेशी स्टुलावर रामटेके सिस्टर बसल्या होत्या. भाकरी दुधात कुस्करून घास भरवत होत्या. म्हातारा आपल्या बकऱ्यांचं काहीतरी लांबण लावून सांगत होता आणि त्या गप्प बसून ऐकत होत्या. या बाईला गप्प बसता येतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या मधल्या भिंतीपलीकडून त्यांचा एकटीचा आवाज सोडून दुसरा आवाज कधीच आला नव्हता, हे त्या दारात उभी असताना मला उमगलं. लग्न नाही, आईबाप गेलेले, सणाला कोणी येणारं नाही. मला रडू आलं, आणि ते रागाचंच होतं. कोणाकोणाचा राग, ते तरी किती सांगू.

खाली आले तर देवाजी वाट पाहत होता. हात चोळत म्हणाला, “साहेबाले समजलं तर माही नोकरी जाईन जी. उद्यापासून अडवू का त्यायले?”

“सारा दवाखाना त्यांना काय म्हणून हाक मारते?” मी विचारलं.

“सिस्टर.”

“मराठीत सांग.”

त्यानं जरा विचार केला. “बहीन,” तो म्हणाला.

“मंग दार उघडं ठेव.”