एकशे दहाच्या आतला रस्ता

आमच्या कॉलनीत काळेकाकांना "कसे आहात?" असं विचारलं की ते मनगटाकडे बघून "ब्याऐंशी" म्हणतात. हे वय नव्हे, छातीचे ठोके. वय अडुसष्ट आहे.

शर्टाच्या आत त्यांच्या छातीला एक काळा पट्टा बांधलेला असतो. तो ठोके मोजून मनगटावरच्या घड्याळाला कळवतो. पुण्याच्या लेकीनं ही जोडी पाठवली. पहिले चार दिवस काकांनी पट्टा बनियनवरून बांधला. घड्याळ काही दाखवेना, तेव्हा त्यांनी निकाल दिला, "माल रिजेक्ट." मग लेकीनं फोनवर समजावलं की तो ओला करून कातडीला लागून बांधायचा असतो. तेव्हापासून काका रोज सकाळी अंगणातल्या नळाखाली पट्टा धरतात आणि शर्ट वर करून भर रस्त्याच्या साक्षीनं आवळतात. समोरच्या बायकांनी त्या वेळेला दार उघडणंच सोडलं आहे.

काका मूळचे देवगाव रंगारीचे. तीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करत होते. "मोजल्याबिगर बोलायचं नाय," हे त्यांचं पालुपद. माझ्या घराची चौकट अर्धा सूत तिरकी आहे, हे त्यांनी मला वास्तुशांतीच्या दिवशी, पंगतीत, बुंदी वाढून घेता घेता सांगितलं होतं.

खरं सांगायचं तर मध्यंतरी मला त्यांचा संताप येत होता. तीन महिन्यांपूर्वी काकूंची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, फक्त ठोके एकशे दहाच्या वर जाऊ देऊ नका. काकूंनी त्यातलं एकशे दहा तेवढं ऐकलं आणि धसका घेतला. रस्त्यात काही झालं तर, या भीतीनं त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेनात. बायको घरात कोंडून बसलेली आणि हा गृहस्थ पट्टा बांधून गल्ल्या पालथ्या घालतोय, हे काही मला पटत नव्हतं.

त्यातच कॉलनीतल्या भिंतींवर खडूच्या खुणा दिसू लागल्या. कुठे बरोबरची खूण, कुठे फुली. रस्ता रुंद होणार अशी आवई उठली. फुली पडलेल्या देशमुखांनी रस्त्यावर आलेला आपला ओटा मुकाट्यानं फोडून घेतला.

एका सकाळी मी काकांना खडूसकट पकडलं.

"काका, हे काय चालवलंय?"

"मारुतीच्या चढाला माझे शंभर भरायलेत. म्हणून फुली. शाळंच्या गल्लीत नव्वदच्या वर जात नाय. तुझ्या काकूला बाहेर काढायचं तर रस्ता आधी तपासाया नको?"

"पण काळीज तुमचं, आणि चालायचं काकूंनी."

"म्हणून तर शंभरावरच फुली मारतो. दहाची सूट ठेवलीय. पहिला पीस पास झाल्याबिगर लॉट सोडला नाय मी कधी." खडू खिशात टाकत ते हळूच म्हणाले, "तिला लई भ्या वाटायलंय रे."

मला माझीच लाज वाटली.

परवा रविवारी काकू बाहेर पडल्या. पट्टा त्यांच्या छातीला, घड्याळ काकांच्या मनगटाला. काका जन्मभर बायकोच्या पुढे चालत आलेले. सवयीनं तसेच झपाझप निघाले. शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी घड्याळ बघितलं. आकड्याच्या जागी नुसत्या रेघा होत्या. पट्टा फार लांबून घड्याळाला काही कळवू शकत नाही, हे त्यांनी माहितीपत्रकात तीनदा वाचलं होतं. त्या घटकेला त्यातलं काहीच आठवलं नाही. चपला तिथंच टाकून ते मागे पळत सुटले. मी फाटकात उभा होतो; त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

काकू भाजीच्या गाड्यापाशी निवांत मेथी निवडत होत्या.

"अहो, पळायलात कशाला? मी इथंच हाय."

काका गाड्याला धरून धापा टाकू लागले. काकूंनी जुडी खाली ठेवली आणि त्यांच्या छातीवर हात ठेवला. "बघा, कशी धडधडायलीय. बसा पाहू." त्यांनी नवऱ्याला जवळच्या पायरीवर बसवलं.

"मला वाटलं, गेलीस," काका म्हणाले. चारचौघांत, भाजीवाल्यासमोर.

जरा वेळानं काका उठले आणि घराकडे वळू लागले. काकूंनी त्यांची बाही धरली.

"आता आलेच हाय तर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ की."

आणि दोघं निघाले. या वेळी काका त्यांच्या बरोबरीनं चालत होते.