वाघचौरेंचं यमक

वाघचौरेंच्या बोलण्यात चुकून यमक आलं, तर ते वाक्य मागे घेत. अंबडला आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकदा म्हणाले, "आज चहात साखर कमी, उद्या असेल याची काय हमी?" आणि जीभ चावली. "हमी नाही. गॅरंटी."

ते स्टोअर्समध्ये कारकून आणि मुक्तछंदातले कवी. मी हिशेबखात्यात, आणि वृत्तात लिहिणारा. कोणाचा निरोप समारंभ असला की माझ्या आठ ओळी ठरलेल्या. त्या ऐकताना वाघचौरे दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करून बसत. "यमक जुळलं की माणूस खोटं बोलायला लागतो," हे त्यांचं पालुपद. आमच्या साहेबांना मी 'ज्ञानाचा सागर' केलं ते केवळ वरच्या ओळीत 'गुणांचे आगर' आल्यामुळे, हे त्यांनी सगळ्या कॅन्टीनला पटवून दिलं. मला ते फार लागलं, कारण ते खरं होतं.

वाघचौरेंच्या बायकोचं नाव शालिनी. तेही एक वृत्तच निघालं, पण त्याला त्यांचा इलाज नव्हता.

पंचवटीत त्यांच्या घरी सत्यनारायण होता. बायकांनी नाव घ्यायचा आग्रह धरला. वाघचौरे उभे राहून म्हणाले, "नळाला पाणी नाही. बादली वाट बघते आहे. शालिनी."

"पुढे?" कोणीतरी विचारलं.

"संपलं."

बायकांना वाटलं, दोघांचं भांडण झालंय. वहिनी हसल्या. मग प्रसाद देताना मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, एकदा तरी जुळवून नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?"

पुढे काही वर्षांनी वहिनींच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनच्या सकाळी मी दवाखान्यात पोचलो, तर त्यांना नुकतंच आत नेलं होतं आणि वाघचौरे दारापाशी पांढरेफटक उभे होते.

"आत जाताना तिनं हट्टच धरला. म्हणाली, नाव घ्या, जुळणारं. घेतलं."

"काय घेतलं?"

इकडेतिकडे बघून ते खालच्या आवाजात म्हणाले, "गंगेवर भरलाय भाजीबाजार, शालिनीचा पळून जाईल आजार." मग माझा हात धरला. "जुळलं हो ते. आता खोटं ठरलं तर?"

इतकं चोख यमक मला उभ्या आयुष्यात साधलं नव्हतं.

"छे," मी म्हणालो, "कुठे जुळलंय? ओढूनताणून आणलंय. मात्रासुद्धा चुकल्यात."

"नक्की?"

"मी सांगतोय ना."

कवितेतलं माझं मत त्यांनी तेवढं एकदाच मान्य केलं, आणि ते बाकावर बसले.