चंद्रमती आत्याचं समुद्रस्नान

समुद्र साफ करणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ, असं मी आत्याला सांगून टाकलं तेव्हा मी कापी, म्हणजे आमच्याकडची कॉफी, पीत होतो. आणि कापी पिताना मला जगात काहीच अवघड वाटत नाही!

त्याचं असं झालं. आमची चंद्रमती आत्या आणि आतोबा दर वर्षी तमिळ आडी महिन्यातल्या अमावास्येला किनाऱ्यावरच्या एका खाडीत समुद्रस्नानाला जायचे आणि हात धरून जोडीनं बुडी मारायचे. मग आतोबा गेले. पाठोपाठ सरकारचं नवं धोरण आलं, जपानला कोळंबी जाऊ लागली, खाडीकाठी कोळंबीची तळी खणली गेली आणि तळ्यांची सगळी घाण खाडीत. आत्याचं स्नान सुटलं. रामेश्वरला नेतो म्हटलं, तर नको.

"तो समुद्र वेगळा रे. तिथे हे कधी आले नाहीत," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. तेव्हाच कापीचा पेला हातात धरून मी ते समुद्र साफ करायचं बोलून बसलो.

मी तंजावुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. कालवं, म्हणजे खडबडीत शिंपल्यातले जीव, पाणी गाळून गाळून पितात, समुद्रशेवाळ त्यात विरघळलेली घाण खातं. दोरांना दोन्ही टांगली की काम फत्ते! खाडीच्या एका कोपऱ्यात कोळ्यांना हाताशी धरून टांगलीसुद्धा. पण आत्याला पटेना. म्हणून खाडीचं गढूळ पाणी दोन बरण्यांत भरून घरी आणलं आणि एकीत कालवं सोडली. आता आमचं घर असं, की कांदासुद्धा मागच्या दारानं येतो. जिवंत कालवं म्हटलं असतं तर त्यांच्याबरोबर मीही बाहेर! तेव्हा "समुद्रातले दगड आहेत" असं सांगून मी कॉलेज गाठलं.

संध्याकाळी येतो तर घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, राजवाड्यामागची सगळी मराठी गल्ली बसलेली! बरणीतलं पाणी लख्ख झालं होतं. पाणी आपोआप निर्मळ करणारा काळा दगड म्हणजे काय, हे शाळिग्राम पुजणाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही. आत्यानं बरणी देवापुढे ठेवून तुळस वाहिली होती आणि पळीपळीनं तीर्थ वाटत होती. खारट लागतं, असं कोणी तरी पुटपुटलं, त्यावर समुद्राचं तीर्थ खारटच असायचं, असा निकाल सीतारामरावांनी दिला. हे आमच्या गल्लीतलं सोवळ्याचं सुप्रीम कोर्ट. त्यांनी दोनदा घेतलं होतं!

मी बरणी उचलायला धावलो. तेवढ्यात एका शाळिग्रामानं तोंड उघडलं, आणि सीतारामराव नेमके वाकून बघत होते.

"जयतीर्था, हे काय आहे?" त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं.

मी पडलो मास्तर. खरं सांगून बसलो. पुढचा अर्धा तास मोरीपाशी जी रांग लागली, ती रेशनच्या दुकानातही लागत नाही!

सीतारामरावांनी प्रायश्चित्त फर्मावलं: पंचगव्य आणि समुद्रस्नान, तेही जिथलं पाणी पोटात गेलं तिथेच. अमावास्या तोंडावर होतीच. व्हॅन ठरली. सगळे माझ्याकडे पाठ करून बसले, आणि पुढच्या सीटवर ठेवणीतलं लुगडं नेसलेली आत्या, लग्नाला निघाल्यासारखी खूश.

खाडी तशीच काळी होती. माझ्या दोरांच्या मधे मात्र न्हाणीघराएवढा एक तुकडा तळाची वाळू दिसेल इतका स्वच्छ झाला होता. एवढ्या खटपटीतून एवढंच! काळं पाणी बघताच सीतारामरावांना आठवलं, की नुसतं प्रोक्षणही शास्त्राला चालतं. सगळ्यांनी डोक्यावर चार थेंब शिंपडले आणि व्हॅनकडे वळले.

आत्या कुणासाठी थांबली नाही. ती थेट त्या तुकड्यात कमरेपर्यंत उतरली. खाली वाकून वाळू बघितली. मग शेजारी न बघताच उजवा हात बाजूला केला आणि तसाच धरून उभी राहिली.

म्हातारीला आधार पाहिजे, म्हणून मी पँटसकट आत शिरलो आणि तो हात घट्ट पकडला. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू कशाला आलास रे?" ती हळूच म्हणाली. "एक बुडी मारते. तेवढा वेळ जरा बाजूला हो."

स्वच्छ पाणी दोघांपुरतंच होतं. मी बाजूला झालो, म्हणजे खोलातल्या काळ्या पाण्यात गळ्यापर्यंत.