केसभर वर, केसभर खाली

गाडी नीट चालायला लागली की माणसाला आनंद होतो. आमचे वानखडे काका मात्र कासावीस होतात.

हे मी या डोळ्यांनी पाहिलं, आणि सगळा उपद्व्याप माझाच. पुसदहून बदली होऊन मी दिग्रसला आलो आणि काकांच्या माडीवर भाड्याने राहू लागलो. काकांची मोटारसायकल म्हणजे कहर. रोज संध्याकाळी भाजी घेऊन ते यायचे, तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यापासून 'भक-भक-भक-टप्प!' आणि मागे काळा धूर. एकदा काका तापाने पडले होते. म्हटलं, करू या म्हाताऱ्यावर उपकार. गाडी बाजारातल्या नव्या मिस्त्रीकडे नेली. त्याने कार्बोरेटर उघडला, फ्लोटची उंची मापात बसवली आणि गाडी अगदी शहाण्या बाळासारखी चालायला लागली.

ताप उतरल्यावर काकांनी एक चक्कर मारली, परत आले आणि ओट्यावर मटकन बसले.

"हे काय केलं भाऊ तुमी?"

"नीट केली!"

"थेच तर!"

आता बोला!

दुसऱ्या दिवसापासून अंगणात पोतं अंथरून काकांनी कार्बोरेटर खोलायला घेतला. फ्लोट म्हणजे काय, तर संडासातल्या फ्लशच्या टाकीत तरंगता गोळा असतो ना, तसंच कार्बोरेटरच्या वाटीत तरंगणारं एक बोंडूक. ते वर आलं की पेट्रोल बंद, खाली गेलं की चालू. त्याला एक पितळी जीभ असते. ती केसभर वाकवली की वाटीतलं पेट्रोल केसभर वर नाहीतर खाली. एवढंच.

आणि 'केसभर' हा तर काकांचा जीव की प्राण. पस्तीस वर्षं जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून त्यांनी गाड्या-गाड्या कापूस तोलला. चहात साखर टाकतानासुद्धा चमचा डोळ्यांसमोर धरणार. "केसभराचा फरक हाय!" भाजीतलं मीठ असो, दाराची कडी असो, नाहीतर माझा भांग. अशा माणसाला हवं होतं चुकीचं माप! मी मोबाईलवर गाडीचं पुस्तक शोधून दाखवलं.

"हे बरोबर हाय," काका म्हणाले. "मले रशीद मिस्त्रीचं पाह्यजे."

काकांची गाडी आधी बघणारे रशीद मिस्त्री केव्हाच वारले. माप त्यांनी अंगठ्याच्या नखाने घेतलेलं. ते नख आता कुठून आणायचं?

पंधरा दिवस हेच. जीभ वाकवायची, गाडी जोडायची, कोपऱ्यापर्यंत जायचं, परत यायचं. कधी पेट्रोल अंगणात सांडायचं, कधी गाडी गल्लीतल्या बुद्धविहारापाशीच बंद पडायची आणि मी ढकलत आणायचो. गंमत म्हणजे फाटकाशी आल्यावर काका गाडीकडे बघायचेच नाहीत. घराच्या दाराकडे बघायचे. मग म्हणायचे, "नाई जमलं." मला काही म्हणता काही कळेना. वाटलं, ताप डोक्यात गेला.

काकीही तशाच. मी जिना उतरलो की रोज विचारायच्या, "कोनत्या गावचे पाव्हणे तुमी?" मी रोज सांगायचो, "पुसदचा!" आणि हसायचो. भाडेकरूची थट्टा करतात, असं समजत होतो मी. काय अक्कल माझी!

शेवटी एका रविवारी माझं टाळकं सरकलं. "काका, चांगली गाडी बिघडवाले कायले जीव काढून राह्यले तुमी?"

काकांनी हात पुसले. बराच वेळ पुसले.

"तुमच्या काकीले आता मानसं वळखू येत नाईत, भाऊ. मी बी नाई. पन गाडी कोपऱ्यावर आली का तिले समजे, आपला मानूस आला. कडी काढे, चहा टाके. आता आवाजच नाई. घरात गेलो का भिंतीले टेकून बसते. म्हनते, घरचे बाहेर गेले, तुमी मंग या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा शहाणा मी, आणि नेमकं काय दुरुस्त करून बसलो होतो!

मी पोत्यावर बसलो. म्हटलं, काका, सहा महिने रोज त्या आवाजाला शिव्या घातल्यात, तो माझ्याइतका कोणाला पाठ असणार? तुम्ही वाकवा, मी ऐकतो. काका चक्कर मारून आले. "अजून केसभर," मी म्हणालो. पुन्हा गेले. "नाई, टप्प लवकर होऊन राह्यलं. केसभर खाली."

तिसऱ्यांदा कोपऱ्यावरून आलं, 'भक-भक-भक-टप्प!' काळा धूर थेट शेजारच्या वाळत घातलेल्या धोतरावर. इतका घाणेरडा आवाज, आणि माझ्या डोळ्यांत पाणी!

दाराची कडी निघाली. काकी पदर सारखा करत बाहेर आल्या.

"आले काय? लय उशीर केला आज. काट्यावर गाड्या जास्त होत्या?"

काका गाडीवरून उतरेचनात. जिनिंग सोडून त्यांना सात-आठ वर्षं झालेली.

"हो ना," ते कसेबसे म्हणाले. "लय गाड्या होत्या."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. "आन् हे कोन?"

"पुसदचे पाव्हणे," काका म्हणाले.

"मंग बसा ना, चहा टाकते."

काकी आत गेल्या. चहा बाहेर येईस्तोवर काकांनी गाडी बंद केली नाही.