रविवारी इंजीन घरी नसतं

"वा! गाडी घरीच आहे," हल्डाबाईंनी लेकीच्या दारात पाऊल टाकता टाकता म्हटलं. "चल, आवर पटकन. मला मिनर्व्हामावशीकडे सोड. आज तिच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, आणि दुपारच्या जेवणाचा केक माझ्याकडे आहे."

लॉरीनच्या हातातली कॉफी बशीत सांडली. आई बसने आली होती, न कळवता आली होती, आणि तिच्या हातात नारळाचा तीन मजली केक होता.

गाडी घरीच होती. दारासमोर उभी होती, धुतलेली, पुसलेली, आरशासारखी लखलखीत. नाव ठेवायला कुठे जागा नव्हती. फक्त तिच्यात इंजीन नव्हतं.

इंजीन वेंडलबरोबर गेलं होतं. लॉरीनचा हा नवरा आठवडाभर पीचची फळं डब्यात भरण्याच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा, आणि रविवारी गावाबाहेरच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यतीत उतरायचा. युद्ध संपल्यावर लष्कराने ती धावपट्टी सोडून दिली आणि खोऱ्यातली यच्चयावत खटपटी मंडळी गुळाला मुंग्या लागाव्यात तशी तिथे जमली. वेंडलची शर्यतीची गाडी म्हणजे जुन्या फोर्डचा करवतीने कापलेला सांगाडा, भंगारातली विमानाची खुर्ची, ट्रॅक्टरचं स्टिअरिंग आणि आग विझवायच्या नळकांड्याची केलेली इंधनाची टाकी. वजन मागच्या चाकांवर पडावं म्हणून खुर्ची त्याने चाकांच्याही मागे नेली होती. त्यात बसला की तो गाडी चालवतोय की गाडीतून पडतोय, हे सांगणं कठीण होई.

एवढं सगळं जमलं, पण इंजीन घरात एकच. ते शनिवारी संध्याकाळी अक्रोडाच्या फांदीला कप्पी लावून घरच्या गाडीतून उचलायचं, सांगाड्यात बसवायचं, आणि रविवारी संध्याकाळी परत जागेवर ठेवायचं. लॉरीनला याची सवय झाली होती. कोणाचा नवरा रविवारी गळ घेऊन जातो, तिचा इंजीन घेऊन जायचा. घरी सुखात चाललं होतं.

फक्त आईला हे माहीत नव्हतं. 'मुलगा स्थिर आहे' एवढ्या एका गुणावर हल्डाबाईंनी वेंडलला मुलगी दिली होती. शर्यतवाल्यांना त्या 'उडाणटप्पू' म्हणत, आणि हा त्यांच्याकडचा सौम्य शब्द होता.

"आई, गाडीची बॅटरी उतरलीय गं," लॉरीन म्हणाली.

समोरच्या अंगणात झाडांना पाणी घालणाऱ्या ग्रिमस्टडनी हे ऐकलं. टर्की पाळणारा हा म्हातारा परोपकाराला सदैव टपलेला असे. "बॅटरी ना? आलोच! बॉनेट उघड."

"नको!" लॉरीन बॉनेटवर जवळजवळ आडवीच झाली. "म्हणजे... मिस्टर ग्रिमस्टड, वेंडलने आत काही सुधारणा केल्यात. हात लावू नका म्हणालाय."

"नाही लावत. मग धक्का देऊ. धक्क्याला कशाला बॉनेट उघडायला हवं?" असं म्हणून त्यांनी आपला छोटा ट्रक आणून मागे भिडवलासुद्धा. हल्डाबाई केक मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या होत्या. आता नाही म्हणायला जागाच उरली नाही. लॉरीन स्टिअरिंगपाशी बसली.

"दुसरा गिअर टाक!" मागून आरोळी आली. "आता क्लच सोड!"

लॉरीनने क्लच सोडला. गाडी लोण्यावरून घसरावी तशी पुढे गेली. बाकी काही झालं नाही.

"लागेल, लागेल! माझ्या धक्क्याने सुरू झाली नाही अशी गाडी अजून जन्माला यायचीय!"

गल्ली संपली, चर्च मागे पडलं, पीचच्या बागा सुरू झाल्या. ग्रिमस्टड हट्टाला पेटले होते.

"लॉरीन, गाडीचं नाक असं वर का गं?" हल्डाबाईंनी विचारलं.

"वजन मागे आहे ना, आई."

"म्हणजे मी जाड झालेय?"

"केक, आई. केकचं म्हणतेय मी."

पुढे फाटा आला. मावशीचं गाव डावीकडे आणि धावपट्टी उजवीकडे. तेवढ्यात लॉरीनच्या डोक्यात प्रकाश पडला. धक्का म्हाताऱ्याचा असला तरी चाक आपल्या हातात आहे. इंजीन जिथे आहे तिथेच गाडी न्यावी, हे बरं. तिने चाक उजवीकडे वळवलं.

"अगं, मिनर्व्हाचं घर डावीकडे!"

"तिकडचा रस्ता उखडलाय, आई."

धावपट्टीच्या तोंडाशी झेंडा घेऊन पिंपाएवढं पोट असलेला एक भला गृहस्थ उभा होता. शर्यतीच्या गाड्या तिथे ट्रकने ढकलतच सुरू करत, कारण वजन वाचवायला त्यांचे स्टार्टर काढून टाकलेले असत. मागे ट्रक लावून आलेली गाडी म्हणजे शर्यतीचीच, असं त्याचं साधं गणित. "घरी घडवलेल्या गाड्यांचा गट ना? तुमच्या गटात एकच भिडू उरलाय, या लवकर!" म्हणत त्याने त्यांना रांगेत घुसवलं. मागे लगेच दुसरी गाडी येऊन उभी राहिली, बाहेर पडायची वाट बंद.

आणि लॉरीनने शेजारी पाहिलं, तर विमानाच्या खुर्चीत वेंडल.

त्याचं इंजीन धडधडत होतं. धुराडी उघडीच असल्याने कानाला दडे बसत होते. ग्रिमस्टडनी तो आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा उजळला. "लागली! लागली रे लागली! आता एकच जोराचा धक्का!"

वेंडलने सहज मान वळवली. शेजारच्या पट्टीत त्याची स्वतःची गाडी होती. तिच्यात त्याची बायको होती. मागे टोपी घालून, केक घेऊन, त्याच्याकडे एकटक बघत, सासूबाई होत्या.

झेंडा पडला. वेंडलचा पाय क्लचवरून सटकला, सांगाड्याने बेडकासारखी एक उडी मारली आणि इंजीन बंद पडलं. ढकलल्याशिवाय ते सुरू होणार नव्हतं. इकडे ग्रिमस्टडनी ट्रक असा रेटला, की लॉरीनची गाडी वरातीच्या ऐटीत पाव मैल पार करून पलीकडे गेली. प्रेक्षक टोप्या उडवायला लागले.

पंच धावत आले. त्यांच्या मागून वेंडल आला, तोंड काळं झालेलं, थोडं तेलाने आणि बरंचसं भीतीने.

"विजेत्याचं इंजीन तपासायचा नियम आहे," पंच म्हणाले आणि लॉरीनने काही बोलायच्या आत त्यांनी बॉनेट उघडलं. आतून खालची धावपट्टी स्वच्छ दिसत होती.

हल्डाबाई केक घेऊन उतरल्या. त्यांनी आत वाकून पाहिलं. मग जावयाच्या सांगाड्याकडे पाहिलं. मग परत आत पाहिलं. लॉरीनने डोळे मिटून घेतले.

"बाई, ही गाडी बाद आहे," पंच म्हणाले. "हिला इंजीनच नाही."

"कोण म्हणतं नाही?" हल्डाबाई कडाडल्या. "त्या पलीकडच्याने इंजीन मधोमध बसवलंय. तो लाल गाडीवाला इंजिनाच्या पुढे बसलाय. आमचा हा वेंडल तर गाडीच्या बाहेरच लोंबतोय. तुम्ही त्यांना काही म्हणालात? आमचं इंजीन मागे आहे. त्या ट्रकमध्ये!"

"पण बाई, ती दुसरी गाडी—"

"चिकटलेली होती की नाही?"

"होती, पण—"

"सुटी झाली का मध्ये कुठे?"

पंचांनी सोबत्यांकडे पाहिलं. प्रेक्षकांतून "बाईंचं बरोबर आहे!" असा गलका झाला. इंजीन कुठे असावं, यावर तिथे कोणाचंच कोणाशी कधी पटलेलं नव्हतं, त्यामुळे नियम असा नव्हताच. पंचांनी कपाळाचा घाम पुसला आणि सोनेरी कप हल्डाबाईंच्या हातात दिला.

वेंडल पुढे झाला. "सासूबाई, मी सगळं सांगणारच होतो..."

"नंतर सांगा. आधी ते इंजीन जागेवर ठेवा. जेवणाची वेळ होत आलीय."

हे काम एकट्याचं नव्हतं. हल्डाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडून केकवरचं झाकण काढलं. माणसं आपोआप जमली. कुणी कप्पी आणली, कुणी पाने-पेचकस, कुणी नुसताच तोंड उघडून आला. बोल्ट आवळले जात होते तसतसे केकचे मजले उतरत होते. गाडी सुरू झाली तेव्हा ताटलीत फक्त खोबऱ्याचा कीस उरला होता. तोही ग्रिमस्टडनी बोटाने टिपून घेतला.

घाईत शर्यतीची उघडी धुराडी बदलायची राहिली होती. मावशीच्या अंगणात गाडी गडगडाट करत शिरली आणि पाहुण्यांच्या हातातले काटे-चमचे थांबले.

"आलीस होय!" मिनर्व्हामावशी पुढे आल्या. "आणि केक कुठाय?"

"केक काय, कोणीही आणतं," हल्डाबाई म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावर कप ठेवला. "लग्नाची पन्नाशी म्हणजे सोन्याची. म्हणून सोन्याचं आणलं."

मावशींनी चष्मा लावून कपावरची अक्षरं वाचली: 'सर्वांत वेगवान गड्यास.' त्यांनी वळून आपल्या नवऱ्याकडे, ऑटोकाकांकडे पाहिलं. काका पाहुण्यांच्या स्वागतासाठी खुर्चीतून उठायला लागले होते, ते अजून उठतच होते.

"हल्डा," मावशींनी कप छातीशी धरला, "पन्नास वर्षांत ह्यांना असं कोणी म्हणजे कोणीच म्हटलं नव्हतं गं."