दादाची पेटी आणि माझी बादली

भांडी घासलेलं पाणी पेटीत जातं, स्वच्छ पाणी बाहेर येतं, मग मधली घाण जाते कुठे? दादाला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "उन्हाला विचार." ऊन काही बोललं नाही. आता दादाही नाही. त्याला जाऊन दोन महिने झाले.

पेटी गच्चीवर आहे. आत काळा ट्रे, वर तिरकी काच. उन्हाने वाफ होते, तिचे थेंब काचेवरून पन्हळीत आणि तिथून बाटलीत. वहिनी लोकांचे कपडे इस्त्री करते. नळाच्या पाण्याने वाफेच्या इस्त्रीची भोकं बुजतात, म्हणून दादाने ही पेटी केली. आता ती मी सांभाळतो. (कुणी सांगितलं नव्हतं.)

दिवसाला एकच बाटली निघायची. म्हटलं, बादलीने दुप्पट ओतू, दुप्पट निघेल. सहावीत शाळा सोडली तरी एवढं गणित येतंच.

आणि निघालं! दुपारच्या आत बाटली काठोकाठ. मी ऐटीत वहिनीला नेऊन दिली. इस्त्री दोनदा खोकली आणि वकीलसाहेबांच्या पांढऱ्या शर्टावर तपकिरी फवारा!

"भाऊजी! हे कुठलं पाणी?"

"पेटीचंच."

"साबणाचा वास येतोय!"

"मग शर्ट धुऊनही निघाला की." (हे बोलायला नको होतं.)

वहिनी हसली नाही. "इस्त्री गेली तर घर कशावर चालवू?"

आई बाटली उन्हात धरून म्हणाली, "ट्रे भरून पन्हळीत वाहिला असणार. धुतलास कधी?"

"धुवायचा असतो?"

"मग दादा दर रविवारी वर काय करायचा?"

"मला वाटलं, झोपायचा."

वहिनीने आधीच्या बाटलीतलं स्वच्छ पाणी पाच वेळा आत फिरवलं, तेव्हा कुठे इस्त्री शुद्धीवर आली. शर्ट मी धुतला. मग गच्चीवर जाऊन काच काढली. तळाशी बोटभर गाळ. तो खरवडून काढला, ट्रे पुन्हा भरायला बादली उचलली, तेवढ्यात ट्रेच्या आतल्या बाजूला, अर्ध्या उंचीवर, पांढऱ्या रंगाची रेघ दिसली, खाली पुसट अक्षरं. दादाचीच. आजारपणात एकदा धापा टाकत ब्रश घेऊन वर गेला होता, तेव्हाची.

आई आणि वहिनी जिन्यात आल्या होत्या. मी अक्षर अक्षर लावून त्यांना वाचून दाखवलं,

"धाकट्या, बास."

दोघी माझ्या हाताकडे बघत होत्या. मी भरलेली बादली खाली ठेवली.