मैदानातला धिंगाणा

घोषणा द्यावी तर आम्हीच! काळाचौकीत कुणालाही विचारा. गिरणीत साच्यांच्या खडखडाटात ओरडून ओरडून माझा आवाज असा तयार झालाय की मोर्चात मला कर्णा लागत नाही. मी नुसतं ‘संयुक्त महाराष्ट्र’ म्हणून श्वास घेतो, पुढचं ‘झालाच पाहिजे!’ लोक म्हणतात. दोन वर्षं हेच चाललंय. हल्ली घरात मी ‘चहा’ म्हटलं तरी शेजारच्या खोलीतून ‘झालाच पाहिजे!’ येतं.

अशात फोर्टातल्या एका मोटार क्लबाला आमच्या मैदानात मोटारसायकलींच्या शर्यती घ्यायची हुक्की आली. तीही नेमकी वैशाखातल्या त्याच रविवारी, ज्या दिवशी तिथे शेजारच्या कमलाबाईंच्या मीनाक्षीचं लग्न ठरलेलं! कमलाबाई विधवा, हॉल घेणं ऐपतीबाहेर. त्यात व्याही भोईवाड्याचे आणि भारी तिरसट. मंडप हलला तर सोयरीक मोडली, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

चाळीत दोन तट पडले. नाक्यावरच्या हॉटेलचे शामराव शर्यतीच्या बाजूने. “अरे, हजारो माणूस येईल, चहा पिईल, वस्तीचं नाव पेपरात येईल!”

“आणि आमची कबड्डी?” चाळीच्या कबड्डी संघाचा दत्ताराम उसळला. “चाकांनी खड्डे पडले की त्यात काय मासे पाळायचे?”

शेवटी म्युनिसिपालिटीने कळवलं, शनिवारी संध्याकाळी साहेब मैदानात येऊन लोकांचं मत ऐकतील आणि जागच्या जागी निकाल देतील.

“कमलाबाई, काळजी सोडा,” मी म्हटलं. “बोलणार कोण? मी!”

“भावजी, माझ्या चेडवाचा लगीन आता तुमच्या हातात हा,” त्या म्हणाल्या. मला खरंच भरून आलं.

शनिवारी मैदान फुललं. टेबलामागे साहेब, शेजारी क्लबाचे टाय घातलेले सेक्रेटरी. मी बाह्या सरसावून टेबलासमोर उभा राहिलो. वाक्य पाठ होतं: मैदानात मोटारसायकलींचा धिंगाणा आम्ही चालू देणार नाही! 

“मैदानात मोटारसायकलींचा धिंगाणा...” मी गरजलो आणि सवयीने श्वास घेतला.

“झालाच पाहिजे!” पब्लिक कडाडलं.

साहेबांनी लिहायला सुरुवात केली.

“अरे, नाही! ऐका! हा गाड्यांचा धुमाकूळ...”

“झालाच पाहिजे!”

“अरे बाबांनो, घोटाळा...”

“झालाच पाहिजे!”

सेक्रेटरींनी धावत येऊन माझा हात हातात घेतला. “व्हॉट स्पिरिट! कामगार वस्तीत एवढी हौस असेल असं वाटलं नव्हतं!” शामरावांनी मला मिठी मारली. तिकडे दत्ताराम कपाळाला हात लावून बसला होता. गंमत म्हणजे तोही सगळ्यांबरोबर ओरडला होता!

“जनतेची एकमुखी मागणी,” साहेब लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, आणि सहीसाठी पेन झटकलं.

तेवढ्यात मला ढकलून कमलाबाई पुढे झाल्या. डोळ्यांत पाणी, पदर खोचलेला. जन्मात कधी चारचौघांत न बोललेली ती बाई टेबलावर हात आपटून ओरडली, “मोटारींचो ह्यो धिंगाणो बंद...”

“झालाच पाहिजे!” सगळं मैदान गरजलं. आधीपेक्षा दुप्पट!

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. “अहो, नक्की हवंय काय तुम्हाला?”

“लगीन!” कमलाबाई म्हणाल्या. साहेबांनी शर्यतीच्या परवानगीचा कागद फाडला.

रविवारी मंडप तिथेच पडला. मला मंडपात बोलायची सक्त मनाई होती. अक्षता पडल्या, आणि गर्दीत मीनाक्षीने मला वाकून नमस्कार केला. मनाई विसरून मी बोलून गेलो, “पोरी, तुझा संसार सुखाचा...”

मनाई आठवली आणि मी मध्येच थांबलो. कमलाबाईंनी डोळे वटारले.

“झालाच पाहिजे!” अख्खा मंडप गरजला. भोईवाड्याचे तिरसट व्याहीसुद्धा! कमलाबाई पदराने डोळे पुसत हसू लागल्या.

मोर्चात घोषणा अजूनही मीच देतो. फक्त वाक्य कुठे तोडायचं, ते आधी कमलाबाईंना विचारून यावं लागतं.